सांदवाडीचे मार्क

डिंपलचं लग्न जमलं ते साल दोन हजार तेवीस. त्या साली श्रावण दोन आले होते. पहिला धो-धो पावसात गेला आणि दुसरा कोरडा ठणठणीत. पाऊस परत आला तो पोळ्याच्या तोंडावर, आणि त्याच आठवड्यात चिखलीचे सोयरे येऊन सुपारी फोडून गेले.

डिंपल ही उत्तमरावांची नात, राजकुमारची थोरली. राजकुमारचं डोणगावात बी-बियाणं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान. दुकान चालतं, माणूस बोलतो गोड, चार लोकांत उठबस. लग्न मंगल कार्यालयात न करता दारातच करायचं असं त्यानं ठरवलं, कारण नवं घर पाहुण्यांनी पाहायला हवं होतं. मांडवाला अंगण पुरत होतं. अडचण होती गाड्यांची. चिखलीहून पन्नास-साठ जीपा-गाड्या येणार, त्या लावायच्या कुठं? आणि म्हणून राजकुमारची नजर भिंतीपलीकडच्या सांदवाडीवर गेली.

सांदवाडी म्हणजे घरामागची, घराच्या बाजूची मोकळी जागा. पूर्वी डोणगावात घर तिथं सांदवाडी होती. मग संडास आले, पाण्याच्या टाक्या आल्या, भाऊहिस्से झाले, आणि सांदवाड्या गेल्या. चांगुणाबाईंची तेवढी उरली होती. पाच गुंठे. चांगुणाबाई उत्तमरावांच्या थोरल्या भावाची, भगवंतरावांची बायको. भगवंतराव जाऊन अकरा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. पंचाहत्तरीची बाई एकटी राहायची, दोन खोल्या आणि ती सांदवाडी सांभाळायची. सांभाळायची म्हणजे काही करायची नाही. जे उगवलं ते उगवू द्यायची. कोपऱ्यात हिवराचं झाड, मध्ये बोर, कुंपणावर वाघाटीचा वेल, दगडांच्या ढिगाऱ्यात मुंगसं, आणि वाळलेल्या कडुनिंबाचं एक खोड, ज्याच्या ढोलीत पिंगळ्याची जोडी कितीतरी वर्षांपासून राहत होती.

"बाबा, तो उकिरडा हाय," राजकुमार म्हणाला. "साप निंगतात तिथून."

"निंगतात. पन कोनाले चावला आजवर? नाव सांग."

"चावल्यावर सांगू का मंग? काकूच्या भल्याचं बोलून राह्यलो मी. जेसीबी लावतो, एका दिवसात साफ. वरून सिमेंटचे गट्टू टाकून देतो. काकू आपल्याकडं येऊन राहातीन, वरची खोली रिकामीच हाय."

चांगुणाबाईंचं घर त्यांच्या नावावर होतं, पण वारस राजकुमारच. तो कागद पुढं करील तिथं त्या सही करीत आल्या होत्या. पुतण्याला नाही म्हणणं त्यांना कधी जमलं नाही. हे उत्तमरावांना माहीत होतं, म्हणून त्यांनाच मध्ये पडणं भाग होतं.

योगायोग असा, की तेव्हाच चिखलीच्या एका संस्थेनं गावात एक उपक्रम आणला होता. घराघरांतली अंगणं मोजायची. लांबी-रुंदी नाही, तर अंगणात आपल्या मातीतली झाडं किती, पाखरं-किडे किती, हे मोजायचं. शंभरपैकी मार्क. ज्या अंगणाला साठाच्या वर पडतील, त्याच्या दारावर 'जिवंत अंगण' अशी पाटी लागणार, आणि घरवाल्यानं व ग्रामपंचायतीनं सही करून द्यायची की पाच वर्षं त्या जागेला हात लावणार नाही. मार्क देणार संस्थेच्या अनुपमा मॅडम. झाडांची नावं सांगायला गावातला एक जाणता माणूस पाहिजे, तर ग्रामपंचायतीनं उत्तमरावांचं नाव दिलं. उत्तमरावांनी लहानपणापासून वीस वर्षं ढोरं राखली होती. लिहायला-वाचायला ते पंचेचाळिशीत शिकले, पण झाडं त्यांना त्याच्या आधीपासून वाचता येत होती.

त्यांनी राजकुमारला गाठलं आणि सांगितलं, "वहिनीच्या सांदवाडीले साठाच्या वर पडले, त तू जेसीबी आनत नाही."

राजकुमार हसला. "त्या जंगलाले साठ? बरं. पडले त पाच वर्षं काडीले हात लावत नाही. नाही पडले त तुम्ही मधात बोलाचं नाही. जमते?"

"जमते."

बोलणं झालं ते दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर. मागं फिरायची सोय दोघांनाही राहिली नाही.

उत्तमरावांना धीर कुठला? पोळ्याच्या चार दिवस आधीच कोरा तक्ता घेऊन ते सांदवाडीत गेले आणि बोट फिरवत एकेक ओळ वाचायला लागले. आपल्या मातीतल्या झाडाच्या प्रत्येक जातीला दोन मार्क, वीस जातींपर्यंत. पंधरा मिनिटांत दिसलेल्या जीवजंतूंना वेगळे. पडलेला पाला, उघडी माती, मेलेलं खोड यांनाही मार्क. विष फवारत नसाल तर दहा. मेलेल्या खोडाला मार्क आहेत हे वाचून ते एकटेच हसले.

चांगुणाबाई ओट्यावर डाळ निवडत होत्या. "भाऊजी, काय लिहून राह्यले एवढं?"

"झाडं मोजून राह्यलो, वहिनी."

"झाडं कोनी मोजते काय? मानसानं पोरं मोजावं. मले तेही मोजाले नाही भेटले." आणि त्या स्वतःच खुदकन हसल्या. "हे लिहलं का? केना. अन् तो तिकडं आघाडा. त्याच्या खाली भुईआवळी हाय, पाय नका देऊ."

"पाथरी कुठी हाय?"

"न्हानीच्या मांगं. पानी जाते ना तिथं. अन् पिंगळा दुपारी झोपते, त्याले मोजाचं असन त दिवे लागल्यावर या."

सत्तावीस जाती भरल्या. बोरावर साळुंक्या, हिवरावर सुतार पक्षी, न्हाणीच्या ओलीवर फुलपाखरांचा थवा, ढिगाऱ्यातून मुंगसाचं तोंड. उत्तमरावांनी जमिनीवर बसून बेरीज केली, दोनदा केली. चौऱ्याऐंशी आले.

"हे सारं पाहाले लोक येतीन?" चांगुणाबाईंनी विचारलं. त्यांचा चेहरा जरा उतरला होता. "चिखलीचे? ना बाप्पा. असा पसारा हाय आपला."

"पसाऱ्याचेच मार्क हाय वहिनी," उत्तमराव म्हणाले आणि चहा मागितला. बाईंनी ते थट्टेवारी नेलं असेल, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मोजणी सुरू झाली. नेम असा होता की कोणत्या घरी कधी जायचं हे आधी कळू द्यायचं नाही. अनुपमा मॅडमनी उत्तमरावांना ते दोनदा बजावलं होतं. पण त्या सकाळी यादीत उद्याच्या अकरा वाजताच्या पुढं चांगुणाबाईंचं नाव दिसलं आणि उत्तमरावांना राहवलं नाही. बाई शनिवारी एखाद्या वेळी मारुतीला जाते, कधी कोणाच्या शेतात शेंगा तोडायला जाते. दाराला कुलूप दिसलं तर? आणि मोठ्या घरची बाई दारात आलेली असताना वहिनी फाटक्या लुगड्यात सापडली तर? ते चालता चालता तिच्या दारात थांबले.

"वहिनी, उद्या अकरा वाजता घरी राहाजा. चिखलीच्या मॅडम येऊन राह्यल्या, तुमचं आंगन पाहाले. चांगली मानसं हाय."

"उद्या? मंग मले काल नाही सांगाव?" बाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

"आता सांगतलं ना," असं म्हणून उत्तमराव निघाले. त्यांना उशीर झाला होता.

तो दिवस त्यांचा अंगणं पाहण्यात गेला. संध्याकाळपर्यंत त्यांना माणसांचा वीट आला.

पहिलं घर एका रिटायर मास्तरचं. मास्तरांनी अंगणभर हिरवा प्लास्टिकचा गालिचा अंथरला होता, गवतासारखा. त्यावर सिमेंटचं हरीण, हरणाच्या डोळ्यांत लाल रंग. ऊन तापलं तसा त्या गालिच्यातून वास यायला लागला, ओल्या चपलेला येतो तसा. मॅडमनी एक कोपरा उचलला. खाली माती पांढरी पडली होती, बुरशीनं मऊ झाली होती, आणि एक सापसुरळी चपटी होऊन त्या मातीला चिकटली होती.

"पक्षी आहेत का?" मॅडमनी विचारलं.

"हाव, आहेत ना," मास्तर म्हणाले आणि पिंजरा घेऊन आले. आत लव्हबर्ड्सची जोडी, तळाशी आठ दिवसांची घाण. "लिहा मॅडम, दोन."

मास्तरीणबाईंनी पोहे दिले. उत्तमरावांनी बशी हातात धरली. त्या सापसुरळीवर गालिचा परत अंथरला गेला होता आणि मास्तर त्याच्यावर उभे राहून पोहे खात होते. उत्तमरावांनी बशी तशीच ओट्यावर ठेवून दिली.

दुसऱ्या घरी नळाखाली उंदरांसाठी चिकटपट्टी ठेवलेली होती. तिला उंदीर चिकटला नव्हता, चिमणी चिकटली होती. अर्धी जिवंत. पंख चिकटलेले, चोच उघडी. घरवाली म्हणाली, "सकाळपासून फडफडून राह्यली, मरत बी नाही." उत्तमरावांनी खिशातल्या रुमालानं ती उचलायचा प्रयत्न केला तर पिसं पट्टीलाच राहिली. त्यांनी मागच्या गल्लीत जाऊन ती मारून टाकली. हात तीनदा धुतले, तरी बोटांना ती चिकट लागतच होती. त्या घराला बावन्न मार्क पडले, कारण दारात पाखरांसाठी पाण्याचं नवंकोरं भांडं होतं आणि भिंतीला लागून चौदा कुंड्या.

"मॅडम, कुंड्या कालच्या हाय," उत्तमराव हळू म्हणाले.

"काका, तक्त्यात 'कधी लावल्या' असा रकाना नाही," मॅडम म्हणाल्या. त्या बिचाऱ्या प्रामाणिक होत्या. दिसतं ते लिहीत होत्या.

शेवटचं घर राजकुमारचं, म्हणजे उत्तमरावांचंच. राजकुमारनं या उपक्रमात नाव घातलं होतं. पाटी दारावर लागली तर चिखलीच्या सोयऱ्यांना दिसेल, एवढाच त्याचा हिशोब. आपलं घर असल्यामुळं उत्तमरावांनी तिथं बोलायचं नाही असा नेम होता. ते फाटकाशी उभे राहिले आणि पाहत राहिले. अंगणाच्या कडेनं निंब, करंज, बेल, कांचन, आवळा, अशी चाळीस रोपं एका रांगेत उभी होती. परवा कचरू मजुरानं ती लावली तेव्हा उत्तमराव ओट्यावरच बसले होते. नर्सरीतून आलेल्या काळ्या पिशव्या कचरूनं फाडल्या नव्हत्या. पिशवीसकट रोप खड्ड्यात, वरून माती सारखी, झालं. मोजणी झाली की परत काढून द्यायला बरं. शिवाय राजकुमारनं सकाळीच दोन पायल्या ज्वारी अंगणात शिंपडली होती, त्यामुळं कबुतरांची गर्दी.

"औषध फवारता का घरी?" मॅडमनी विचारलं.

"ना ना. घरी कुठी?" गावभर औषध विकणारा राजकुमार म्हणाला. "लेकराबाळांचं घर हाय."

अडुसष्ट मार्क पडले. सून जयमालानं मॅडमला ओटी भरून नारळ दिला. उत्तमरावांना तोंड उघडता आलं असतं. त्यांनी नेमाचा आडोसा घेतला. पोरीचं लग्न आहे, चारचौघांत मुलाचं हसं कशाला, असं स्वतःला सांगितलं आणि फाटकाबाहेर जाऊन थुंकले. थुंकल्यावर आपण कोणावर थुंकलो हे त्यांना नीट सांगता आलं नसतं.

संध्याकाळी जेवायला बसले तेव्हा भिंतीपलीकडून धूर येत होता. औषधाचा उग्र वासही होता, पण तो वास त्या घरात नेहमीचाच; राजकुमार दुकानातून आला की त्याच्या शर्टातून यायचा. उत्तमरावांनी अर्धी भाकर ताटात ठेवली आणि उद्याचा विचार करून बरं वाटून घेतलं. उद्या वहिनीचं अंगण. उद्या तरी मॅडमला काहीतरी खरं पाहायला मिळेल.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता ते मॅडमना घेऊन चांगुणाबाईंच्या दारी गेले. दारात रांगोळी होती.

सांदवाडी सारवलेली होती. कडा सोडल्या तर पाचच्या पाच गुंठे शेणानं सारवलेले, बोटांची नक्षी उठलेली, मध्ये सडा. केना नाही, आघाडा नाही, पाथरी नाही. जिथं सारवण पोचलं नव्हतं तिथं कुंपणाच्या कडेनं सगळं गवत पिवळं पडून मुडपलं होतं, वाघाटीचा वेल उकडलेल्या भाजीसारखा लोंबत होता. हिवर आणि बोराच्या बुंध्यांना गेरू-चुन्याचे पट्टे मारले होते, सरकारी झाडांना मारतात तसे. दगडांचा ढिगारा नव्हता. तिथं राखेचा ढीग होता, अजून धुमसत, आणि राखेच्या कडेला दोन बेडकं पोट फुगवून उलटी पडली होती. निंबाचं खोड कापून, फोडून, ओट्याशी सरपण रचून ठेवलं होतं. पिंगळ्याची जोडी रस्त्यावरच्या विजेच्या तारेवर भर उन्हात बसली होती आणि कावळे तिला चोची मारत होते.

चांगुणाबाई दारात उभ्या होत्या. अंगावर ठेवणीतलं लुगडं, कपाळाला कुंकू नव्हतं, पण केस तेल लावून बसवलेले. हाताच्या तळव्यांना फोड आले होते ते पदरात धरून त्या हसत होत्या.

"या बाई. भाऊजींनी कालच सांगतलं, म्हनून इतकंच झालं. दोन दिवस आधी सांगतलं असतं त भिंतीबी सारवल्या असत्या."

मॅडमनी उत्तमरावांकडं पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, काही तरी समजल्यासारखं होतं, आणि ते जास्त वाईट होतं.

"आजी, किती स्वच्छ ठेवलंय तुम्ही," त्या म्हणाल्या. मग हातातल्या तक्त्याकडं पाहून, हळूच, "औषध फवारलं का हो?"

"हाव. राजूच्या दुकानातलं. भारीचं हाय. कचरूनं अख्खा पंप मारला. एक तन ठेवलं नाही." बाईंनी उत्तमरावांकडं अभिमानानं पाहिलं. "पाहा भाऊजी. आता चार लोकांत तुमची मान खाली जाते का?"

उत्तमरावांना नावं सांगायची होती. त्यांनी सांगितली. हिवर. बोर. सीताफळ म्हणणार होते, पण ते आपल्या मातीतलं नाही म्हणून गप्प बसले. कढीपत्ता. तुळस. नऊच्या वर गाडी गेली नाही. मग मॅडमनी मोबाइलमध्ये पंधरा मिनिटं लावली आणि दोघं त्या सारवलेल्या जमिनीवर उभे राहिले. चार मुंग्या आल्या. एक कावळा राखेत उतरला आणि बेडूक घेऊन गेला. मॅडमनी तेही लिहिलं.

चोवीस मार्क पडले.

चांगुणाबाईंनी शेवयाची खीर केली होती. उत्तमरावांनी वाटी हातात घेतली आणि त्यांना ओकारी आली. ते न्हाणीमागं गेले, जिथं कालपर्यंत पाथरी होती, आणि तिथं भिंतीला हात टेकून रिकाम्या पोटी ओकले. खीर चांगली होती. तिच्यात काही नव्हतं.

तिथून ते तडक दुकानात गेले. राजकुमार गल्ल्यावर होता.

"वहिनीले औषध तू देल्लं?"

"कचरू आला मांगाले. काकूले तन माराचं म्हने. देल्लं." राजकुमारनं मान वर केली नाही. "दुकान हाय माहं, बाबा. मांगते त्याले देतो."

"तुले मालूम होतं, उद्या मोजनी हाय म्हनून."

"मले कसं मालूम? तो नेम होता ना, कोनाले सांगाचं नाही म्हनून." आता त्यानं वर पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर खोडकर पोराचं हसू होतं, अगदी लहानपणी होतं तसं. "सांगतलं कोनं काकूले? मी त नाही सांगतलं."

उत्तमराव दुकानात उभे राहिले. चारी बाजूंना रंगीत डबे, डब्यांवर हिरवीगार पिकं आणि हसरे शेतकरी. मुलाच्या थोबाडीत द्यावी असं त्यांना वाटलं, पण हात उचलला तर तो आधी आपल्याच गालावर पडायला हवा, हेही त्यांना दिसत होतं. पोरानं डाव साधला होता. पण पत्ते आपणच उघडे करून ठेवले होते. त्यांना त्या पोराची किळस आली, त्या डब्यांची आली, मास्तरच्या हरणाची आली, आणि सगळ्यांत जास्त त्या म्हाताऱ्याची आली जो आदल्या सकाळी ऐटीत वहिनीच्या दारात थांबला होता.

सोमवारी हरतालिका होती. डोणगावातल्या अर्ध्या बायका पत्रीसाठी चांगुणाबाईंकडंच यायच्या; आघाडा, केना, रुई, बेल, जे लागेल ते. मागून महालक्ष्म्यांनाही तिथूनच न्यायच्या. त्या सकाळी उत्तमराव वहिनीच्या ओट्यावर बसले होते. बायका ताटं घेऊन आल्या, सांदवाडीत डोकावल्या, आणि दारातच उभ्या राहिल्या.

"चांगुणामाय, काय झालं व हे?" आशाबाई नावाच्या शेजारणीनं विचारलं.

"साफ केलं."

"अन् आघाडा?"

चांगुणाबाईंनी कुंपणाच्या कडेला बोट दाखवलं. आशाबाई गेली, एक पिवळी डहाळी तोडली, नाकाशी नेली आणि तोंड वाकडं करून टाकून दिली. "याच्यावर त औषध हाय. देवाले कसं वाहाव?" बायका गेल्या. एकमेकींच्या ताटांत पाहत गेल्या. त्या दिवशी अकरा बायका परतल्या. उत्तमरावांनी मोजल्या, कारण आता त्यांना मोजायची सवय लागली होती.

शेवटची बाई गेल्यावर त्यांनी सांगून टाकलं. साठ मार्कांची बोली, जेसीबी, चौऱ्याऐंशी, चोवीस, सगळं. "मीच बुडवलं वहिनी. सांगाचं नाही असा नेम होता. मीच येऊन सांगतलं."

चांगुणाबाईंनी हाताचे फोड पदरानं टिपले.

"सांगतलं ते बरं केलं," त्या म्हणाल्या. "पन जसं हाय तसं राहू द्या, एवढं काऊन नाही म्हनाले?"

"मले वाटलं तुम्हाले समजते."

"मले कसं समजन, भाऊजी? तेराव्या वर्षी या घरात आली मी. पाहुना येते म्हनलं का हातात झाडू घ्याचा, हे तुमच्या मायनं शिकवलं मले. दुसरं कोनी काही शिकवलंच नाही." मग, अगदी साध्या आवाजात, "ते पिंगळे कुठी गेले असतीन?"

उत्तमरावांनी रस्त्यावरच्या रिकाम्या तारेकडं पाहिलं.

गणपती उठले त्याच्या तिसऱ्या दिवशी जेसीबी आला. चांगुणाबाईंनी कागदावर सही केली, नेहमीसारखी, आणि गाठोडं घेऊन राजकुमारच्या वरच्या खोलीत राहायला गेल्या. हिवर उपटायला जेसीबीला तीनदा जोर लावावा लागला. बोर एका धक्क्यात आली. वरून लाल-पिवळे गट्टू बसले. राजकुमारच्या दारावर 'जिवंत अंगण' ही पाटी लागली. तिच्याखाली उभी केलेली चाळीस रोपं दसऱ्यापर्यंत पिशव्यांतच मुळं कोंडून वाळली. नर्सरीवाल्यानं ती परत घ्यायला नकार दिला, तेव्हा जयमालानं ती चुलीत घातली. पाटी तशीच राहिली.

लग्न तुळशीच्या लग्नानंतर त्याच आठवड्यात झालं. आदल्या दिवशी अवकाळी पाऊस झोडपून गेला. सांदवाडीत पूर्वी पाणी पडलं की घटकाभरात जिरायचं. आता गट्टूंवर घोटाभर तळं साचलं, त्यात डिझेलचे रंगीत तवंग आले, आणि सोयऱ्यांनी धोतरं वर धरून त्यातून उड्या मारल्या. वरच्या खोलीच्या खिडकीतून चांगुणाबाई ते पाहत होत्या. उत्तमराव बुंदीचं ताट घेऊन वर गेले. बाईंनी ताट बाजूला ठेवलं आणि म्हणाल्या, "वास येते, भाऊजी. हात धुतले तरी जात नाही." त्यांनी तळवे पुढं केले. उत्तमरावांनी वास घेतला. साबणाचा वास होता. त्यांनी तसं सांगितलं नाही. "हाव," म्हणाले, "येते." तोच वास त्यांनाही अडीच महिने येत होता.

त्यानंतर बाईंचं खाणं सुटत गेलं. डॉक्टर म्हणाला वय झालं. राजकुमारनं सलाईन लावली, धावपळ केली, त्यात त्यानं काही कमी केलं नाही, आणि उत्तमरावांना त्याचं ते करणंही पाहवत नव्हतं.

चांगुणाबाई वारल्या गुरुवारी, अकरा जानेवारी दोन हजार चोवीसला, मार्गशीर्ष अमावास्येच्या सकाळी, राजकुमारच्या घरी, वरच्या खोलीत.